मालन ही माझी पत्नी, याबद्दल

मी, दगडू राजाराम गमरे, वय सव्वीस, गिरणीत नोकरीला, राहणार बी. डी. डी. चाळ, दुसरा मजला, नायगाव, मुंबई, आज रविवारी सकाळी अंघोळ करून, चहा घेऊन, कोणाच्या धाकाने नव्हे आणि कोणाच्या भरीला पडून नव्हे, माझ्यामागे काय कोणाला द्यावे ते या कागदावर लिहून ठेवत आहे. माझी प्रकृती चांगली आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. या दुसऱ्या गोष्टीबद्दल घरात मतभेद आहे, पण बाहेरच्या कोणी विचारले तर ठिकाणावर आहे असेच सांगेन, असे मालनने कबूल केले आहे.

मला आजार नाही. तरी आई सकाळपासून बडबडते आहे. "दगड्या, घरात पाळणा टांगायचा आणि तू तिरडीचं काय लिवत बसलास?" तिला मी सांगितले की पाळणा टांगायचा आहे म्हणूनच लिहितो आहे. तिला ते पटलेले नाही.

आज हे मुंबई राज्य आहे. पुढच्या रविवारी महाराष्ट्र राज्य होणार. हा कागद दोन्ही राज्यांत सारखाच लागू समजावा. गिरगावातल्या एका वकिलांकडे हेरंबराव नावाचे कारकून आहेत, युनियनच्या कामामुळे माझी त्यांची ओळख झाली. त्यांना मी हे विचारले होते. ते म्हणाले, "गमरे, राज्य बदललं म्हणून मरायची पद्धत बदलत नाही." तरी लिहून ठेवलेले बरे. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांत मीही गेलो आहे. कडेने चालत होतो, पण होतो.

कलम पहिले. मालन ही माझी पत्नी आहे.

हे कलम एवढेच ठेवा असे मालनचे म्हणणे होते आणि मी एवढेच ठेवणार होतो. पण एकटे वाक्य वाचताना वाचणाऱ्याला वाटेल, हे मुद्दाम का लिहिले? म्हणून कारण देतो.

आमचे लग्न १९५७ च्या मे महिन्यात या चाळीच्या पटांगणात झाले. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन वर्षही उलटले नव्हते. जुने विधी आम्ही सोडले होते आणि नवे नीट कोणाला माहीत नव्हते. भटजी नको, हे नक्की होते. हळद लावावी की नाही यावरून आमच्या गॅलरीत दोन तट पडले, शेवटी हळद लावली आणि गाणी म्हटली नाहीत, म्हणजे दोन्ही तट सारखेच नाराज झाले. मुहूर्त पाहायचा नाही म्हणून लग्न सकाळी दहाचे ठेवले, आणि मुहूर्त नाही म्हणून मंडळी बारापर्यंत सावकाश येत राहिली.

लग्न लावायला भन्ते मिळाले नाहीत. त्या दिवसांत ते होतेच मोजके. तेव्हा माझे चुलते रामजी आबा पुढे झाले. आबांचा आवाज खणखणीत. माझ्या वडिलांच्या जलशात ते पुढे उभे राहून गात. त्यांनी त्रिशरण, पंचशील सगळे बिनचूक म्हटले. मग हार घालायच्या आधी एक गाथा म्हणायची म्हणून त्यांनी त्यांना पाठ असलेली गाथा सुरू केली.

ती त्यांना कुठे पाठ झाली, ते सांगितले पाहिजे. लग्नाच्या आधीच्या डिसेंबरात बाबासाहेब गेले. त्यानंतर कितीतरी दिवस चाळी-चाळींतून शोकसभा झाल्या, आणि प्रत्येक सभेत ती गाथा म्हटली गेली. आम्ही सगळ्यांनी हात जोडून, उभे राहून ती ऐकली होती. पाली आमच्यात कोणालाच येत नव्हती. आबांना वाटले, धम्माचे बोल आहेत, सगळ्या कार्याला चालतील. खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटले.

आबांनी पहिली ओळ म्हटली आणि माझ्या आईने डोळ्याला पदर लावला. दुसऱ्या ओळीला पुरुषांनी टोप्या काढल्या. मग गॅलरीतल्या बाया हुंदके देऊ लागल्या, पंगतीची पाने मांडणारे पाने खाली ठेवून उभे राहिले, आणि सबंध मांडव रडू लागला. नवरदेवाने रडू नये म्हणून मी बुटांकडे पाहत राहिलो. का रडतो आहोत हे कोणी कोणाला विचारले नाही. कान ओळखीचे काही ऐकत होते आणि डोळे आपले काम करत होते.

मुलीकडची मंडळी काळाचौकीची. माझ्या सासूबाई राधाबाई यांनी शेजारणीला म्हटलेले मालनने स्वतः ऐकले. "लेक देतो आम्ही, आणि रडतायत हे. मायेची माणसं मिळाली गं बाय माझ्या पोरीला." आजही त्या हेच सांगतात आणि या एका गोष्टीवर माझ्या घराची त्यांच्याकडे अब्रू आहे.

वर्षाने बुद्धजयंतीला चाळीत भन्ते आले. आबांनी मोठ्या हौसेने त्यांना ती गाथा म्हणून दाखवली आणि सांगितले, "हीच मी पुतण्याच्या लग्नात म्हटली." भन्त्यांनी आबांना शेजारी बसवून घेतले. मग म्हणाले, "ही माणूस गेल्यावर म्हणतात." आबांचा चेहरा पडला. भन्त्यांनी विचारले, "दोघं सुखात आहेत?" आबा म्हणाले, "भांडतात, पण जेवून घेऊन भांडतात." भन्ते हसले आणि म्हणाले, "मग राहू दे."

तेव्हापासून आबांनी आमच्यासमोर कोणतीच गाथा म्हटलेली नाही. आमच्या दारावरून जाताना ते नुसते खोकतात.

हे असेच राहिले असते. पण यंदा बाबासाहेबांच्या जयंतीच्या तयारीत आबांचा मुलगा रामू याने माझ्याकडे वडिलांची ढोलकी मागितली. मी म्हटले, वडिलांची आहे, घराबाहेर देत नाही. रामू सगळ्यांदेखत म्हणाला, "ढोलकी तुझ्या नावावर, कबूल. पण बायको तरी तुझ्या नावावर हाय का रे? तुमच्यावर तर मढ्याची गाथा म्हटलीया." सगळे हसले. मीही हसलो. घरी आल्यावर मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना.

मी गिरगावात हेरंबरावांना गाठले. त्यांनी विचारले, "होम होता?" नव्हता. "सप्तपदी?" नव्हती. "मग काय होतं?" मी सगळे सांगितले. ते बराच वेळ हसले, मग चष्मा पुसून म्हणाले, "गाथेचं सोडा. गाथा बरोबर असती तरी हल्लीच्या या नव्या पद्धतीला उद्या कोणी हरकत घेतली, तर काय होईल ते मी सांगू शकत नाही. पुन्हा एकदा रजिस्टर लग्न करून टाका."

हे मी घरी सांगितले. मालन भाकऱ्या थापत होती. तिला सातवा महिना आहे. तिने हात थांबवला नाही.

"आता लगीन केलं म्हणजे आधी झालं नव्हतं, असंच ना?"

मी म्हटले, तसे नव्हे, नुसता कागद.

"मग तीन वर्षं मी इथं कोण म्हणून भाकऱ्या थापल्या? आणि हे पोटात हाय ते कोणाचं? पाहुण्याचं?"

आईने आतून माझ्याऐवजी उत्तर दिले, "गाढवाचं." त्या दिवशी दोघी एकमेकींशी फार गोड वागल्या. माझ्याशी कोणी बोलले नाही.

मी परत हेरंबरावांकडे गेलो. ते म्हणाले, "बायको शहाणी आहे तुमची. मग मृत्युपत्र करा. तिचं नाव स्पष्ट घाला. म्हणजे लग्नावर कोणी काही बोललं तरी चीजवस्तू तिच्याकडे जाईल." मालनला हे मान्य झाले, पण एका अटीवर. "लग्नाबद्दल शंकेचा एक शब्द त्यात दिसता नये." ही अट मी मान्य केली होती. आता वर पाहतो तर बरेच शब्द पडलेले दिसतात. पण मृत्युपत्रात खाडाखोड चालत नाही, असे हेरंबरावांनी बजावले आहे, त्यामुळे ते तसेच राहू देणे भाग आहे. वाचणाऱ्याने फक्त पहिले वाक्य धरावे.

कलम दुसरे. राहती खोली भाड्याची आहे. पावती आधी वडिलांच्या नावे होती, ते वारल्यावर माझ्या नावे झाली. माझ्यामागे ती मालनच्या नावे करावी. चाळीच्या ऑफिसातल्या साहेबांना विनंती की, नाव लिहिताना मालन दगडू गमरे असे पूर्ण लिहावे. आई हयात असेपर्यंत खिडकीजवळची जागा आईची. मालनला ही जागा हवी आहे हे मला माहीत आहे. आईलाही माहीत आहे, म्हणून ती तिथून उठत नाही. पण मालनला सहावा लागल्यापासून आई दुपारी स्वतः दारात बसते आणि तिला म्हणते, "तू तिथं लवंड जरा, मला दारात वारा लागतो." दारात वारा लागत नाही. तिथे जिना आहे.

कलम तिसरे. पोस्टात जे काही असेल ते मालनचे. फार नाही. तिने त्यातून आधी स्वतःला चपला घ्याव्यात. मी असताना घेत नाही, म्हणून हे इथे लिहावे लागते.

कलम चौथे. लग्नात शिवलेला काळा कोट. तो मी लग्नानंतर दोनदाच घातला, कारण खराब होईल अशी भीती वाटे. मुलगा झाल्यास त्याला द्यावा, मुलगी झाल्यास तिलाही द्यावा, कापून तिच्या मापाचा करता येईल. नुसता जपून ठेवू नये. जपून ठेवण्यात मी माझी बरीच वर्षे घालवली आहेत आणि त्यात मौज नाही.

कलम पाचवे. गिरणीत मी कापडाच्या ताग्यांवर नाव आणि माप यांचे ठसे मारतो. शाळा सहावीत सुटली, पण अक्षर चुकू द्यायचे नाही ही सवय या कामाने लावली. शाईचा कुंचला गिरणीचा आहे, तो परत करावा. घरी जो दुसरा आहे तो माझ्या पैशाचा आहे. त्याने दारावर आमची नावे मी रंगवली आहेत. बाळ जन्मल्यावर तिसरे नाव खाली येईल एवढी जागा सोडली आहे. चौथ्यालाही सोडली आहे. मालन म्हणते, दार संपेल तेव्हा थांबा.

कलम सहावे, मुलाबद्दल. माझ्या आधी आईची दोन मुले जगली नाहीत, म्हणून माझे नाव दगडू ठेवले, की दगडाला कोण नेणार. आईचा हेतू चांगला होता आणि मी राहिलो, त्यामुळे तक्रार नाही. पण माझ्या मुलाचे नाव दगडू, धोंडू, केरू यांपैकी काही ठेवू नये. ऐकणाऱ्याला बरे वाटेल असे ठेवावे. मुलगी झाल्यास सुजाता, असे मालनने ठरवले आहे. मुलगा झाल्यास काय ते आईने ठरवले आहे आणि अजून आम्हाला सांगितलेले नाही.

मूल मुलगा असो वा मुलगी, मॅट्रिकपर्यंत शिकवावे. मुलगी शिकताना कोणी नातेवाईक म्हणाला की चूल कोण बघणार, तर त्याला त्या दिवशी आमच्याकडे जेवायला वाढू नये. मुलाने प्रश्न विचारले तर "गप बस" म्हणू नये. मला लहानपणी फार वेळा म्हटले, आणि ते सगळे प्रश्न आता या वयात मला एकदम पडतात.

कलम सातवे. लग्नाबद्दल माझी मते, कोणाला उपयोगी पडल्यास पडोत. सासू-सून यांच्या भांडणात नवऱ्याने निवाडा देऊ नये. पाण्याची बादली उचलावी आणि नळावर जावे. परत येईपर्यंत निवाडा झालेला असतो. बायकोने केलेले कालवण खारट झाले तर भात जास्त घ्यावा. बायको आपल्याला हसते तेव्हा ती रागावलेली नाही हे समजावे, याला मला दोन वर्षे लागली. आणि आपल्या काळजीत बायकोला वाटेकरी करावे, पण मालकीण करू नये. हे मत मालनचे आहे, मी फक्त उतरवून घेतले.

कलम आठवे. वडिलांची ढोलकी. ती रामूला द्यावी. त्याच्या बोलण्याचा मला राग आला होता आणि थोडा अजून आहे. पण माझ्याकडे ती खुंटीला टांगलेली असते, आणि मला वाजवता येत नाही. माझ्या हातावर ताल बसत नाही, असे वडील हयात असतानाच म्हणाले होते. मरेपर्यंत थांबण्याचेही कारण दिसत नाही. एक तारखेच्या मिरवणुकीला रामूने ती घेऊन जावी आणि परत आणण्याची घाई करू नये.

कलम नववे. माझ्या अंत्यविधीला जुना कोणताही विधी करू नये. रामजी आबांनी ती गाथा म्हणावी. ती माझ्यावर एकदा म्हणून झालेली आहे, तरी दुसऱ्यांदा म्हणण्यास माझी हरकत नाही. मालनवर मात्र तेव्हा म्हणू नये. तिची एकदाचीच पुष्कळ झाली.

यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. कागद साधा आहे, हेरंबरावांच्या मते चालतो. ओळींमध्ये जागा मोकळी सोडलेली नाही.

सही: दगडू राजाराम गमरे

साक्षीदार

दोन पुरतात, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याने सही करू नये, असा नियम आहे. म्हणून मी शेजारच्या दोघांना बोलावले होते. पण कागद कशाबद्दल आहे हे गॅलरीत कळले, आणि "आम्ही काय लग्नाला नव्हतो?" असे म्हणत माणसे दाराशी जमली. त्यांना परत पाठवणे बरे दिसले नसते. ज्याने जे सांगितले तसे लिहून घेतले.

१. कोंडीराम येलवे. दगडूने माझ्यासमोर सही केली. लग्नालाही हजर होतो. मांडवाच्या दोऱ्या मी बांधल्या. एक सुटली ती माझी नव्हे.

२. शांता येलवे. सही माझ्यासमोर केली. लग्न लागले ते पाहिले. भात कमी पडला होता, तो आमच्या घरून नेला. पातेले आले, झाकण आलेच नाही.

३. रखमा मोहिते, अंगठा. नवरीची वेणी मी घातली. लगीन नव्हतं तर वेणी काय उगाच घातली?

४. रामू रामजी गमरे. हजर होतो. लग्न लागले. लग्नात ढोलकी मी वाजवली, हे दगडूने वर लिहिलेले नाही. मी जयंतीला बोललो ते मस्करीत बोललो. (रामूला ढोलकी मिळणार असल्याने त्याची सही साक्षीदार म्हणून धरू नये, भाऊ म्हणून धरावी. — द. रा. ग.)

५. रामजी गमरे.

आबांनी नुसती सही केली, काही सांगितले नाही. पण सही करून ते गेले नाहीत. त्यानंतर जे घडले ते कागद पुरा व्हावा म्हणून लिहितो.

आबांनी टोपी काढली आणि म्हणाले, "सगळ्यांनी हात जोडा. मी मंगलाची गाथा म्हणतो. भन्त्यांकडून शिकून घेतली हाय. नीट शिकलोय, अर्थासकट."

मालन आतून बाहेर आली. "आबा, आमचं लगीन झालंय."

"झालंय म्हणजे? मीच लावलंय, मला सांगतेस होय? ही लग्नाची नाय म्हणत. ही पोटातल्यासाठी."

मालनने माझ्याकडे पाहिले. हे मी ठरवलेले नव्हते, आणि तसे मी तिला सांगितले. ती म्हणाली, "तुमच्या तोंडावरनं दिसतंय ते." मग तिने हात पुसले, डोक्यावरून पदर घेतला आणि माझ्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली. इतर कुठेही उभी राहू शकली असती. आईने रखमाला जरा बाजूला सरकवून तिला जागा करून दिली.

आबांनी गाथा म्हटली. दोन वर्षांनी त्यांचा आवाज आमच्या दारात पूर्ण लागला. खालच्या मजल्यावरचे लोक वर येऊन जिन्यात उभे राहिले. शेवटी सगळ्यांनी "साधु, साधु, साधु" म्हटले आणि आबा मला म्हणाले, "पोरा, चहा सांग." इतक्या दिवसांत त्यांनी आमच्याकडे चहा घेतला नव्हता.

माणसे पांगल्यावर मालनने विचारले, "झालं समाधान?"

मी म्हटले, "झालं."

"तुम्हांला नाय. पोटातल्याला विचारत्ये."

यानंतर कागद तिला पहिल्यापासून वाचून दाखवला. शंकेचे शब्द आल्यावर ती थांबवील असे वाटले होते, तिने थांबवले नाही. राधाबाईंचे बोलणे आले तिथे ती हसली. लाभ घेणाऱ्याने सही करू नये हा नियम मी तिला पुन्हा समजावून सांगितला. ती म्हणाली, "साक्षीदार म्हणून कोण करतंय?" आणि माझ्या हातातली लेखणी घेतली. पुढची ओळ तिच्या अक्षरात आहे.

वरचे सगळे ऐकले. नवरा जिवंत आहे. — मालन दगडू गमरे

नायगाव, मुंबई
ता. २४ एप्रिल १९६०